‘ई-२०’ पेट्रोल : इंजिनाचे नेमके काय होते?

गाडी सकाळी पटकन सुरू होत नाही, पिकअप कमी झाला आहे, मायलेज घटले आहे. अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेले की हल्ली बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, त्याचा हा परिणाम. दुसरीकडे सरकारी खुलाशांचा सूर असा की काळजीचे काही कारण नाही. एकाच्या मते इंजिन खलास होते, तर दुसऱ्याच्या मते काहीच होत नाही. सामान्य वाहनधारक या दोन टोकांच्या मध्ये अडकला आहे आणि पंपावर त्याच्यापुढे पर्यायही नाही.

या वादात तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट इंधनातील ऊर्जेची. मायलेजशी तिचा संबंध आहे. दुसरी रबर, प्लास्टिक आणि धातूंवर होणाऱ्या रासायनिक परिणामाची. गाडीच्या आयुर्मानाशी तिचा संबंध आहे. तिसरी पाण्याची, गाडी रस्त्यात अचानक बंद पडण्याशी तिचा संबंध आहे. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. शिवाय २००८ ची कार, २०१५ ची स्कूटर आणि गेल्या वर्षी घेतलेली मोटारसायकल यांना एकच पेट्रोल मिळत असले, तरी तिघींवरचा परिणाम सारखा नसतो.

मिरज, मनमाडपासून देशभर

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची कल्पना भारतात नवी नाही. त्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये तीन ठिकाणी सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रातले होते, मिरज आणि मनमाड. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाची योजना आली. पुढची बरीच वर्षे इथेनॉलचा पुरवठा आणि दर यांच्या अडचणींमुळे ती रखडत चालली.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने तिला वेग दिला. या धोरणात वीस टक्के मिश्रणासाठी २०३० ची मुदत होती. २०२२ मध्ये ती अलीकडे ओढून २०२५-२६ करण्यात आली. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये पार झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरू येथून वीस टक्के मिश्रणाच्या, म्हणजे ‘ई-२०’ पेट्रोलच्या विक्रीला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते देशभरातील पंपांवरचे नेहमीचे पेट्रोल बनले. आयात तेलावरचा खर्च कमी करणे, ऊस आणि मक्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळवून देणे आणि कार्बन उत्सर्जन घटवणे, ही यामागची तीन उद्दिष्टे सांगितली गेली.

रस्त्यावरच्या गाड्या मात्र एवढ्या वेगाने बदलल्या नाहीत. एप्रिल २०२३ पासून तयार होणाऱ्या गाड्यांतील साहित्य ई-२० ला टिकणारे असावे आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनांची जुळणीही त्याच पेट्रोलसाठी व्हावी, असे नियोजन होते. काही कंपन्यांनी हे बदल त्याआधीच केले. तरीही आज रस्त्यावर असलेली कितीतरी वाहने त्यापूर्वीची आहेत आणि मुख्य प्रश्न त्यांचाच आहे.

मायलेज : साधा हिशेब

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो. त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग ऑक्सिजनचाच. हा ऑक्सिजन ज्वलनाला मदत करतो, पण स्वतः जळून उष्णता देत नाही. त्यामुळे एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक लिटर इथेनॉलमधून सुमारे २१ मेगाज्यूल. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने कमी.

आता ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल एकत्र केले, की त्या लिटरमधील ऊर्जा सुमारे २९.८ मेगाज्यूल भरते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ही घट सात टक्क्यांच्या आसपास आहे. दहा टक्के मिश्रणात ती साडेतीन टक्क्यांच्या जवळपास असते. म्हणजे ई-१० वरून ई-२० वर येताना झालेला फरक एकूण घटीच्या निम्माच आहे. उरलेला निम्मा वाहनधारकांनी आधीच सोसला होता, फक्त त्याची फारशी चर्चा झाली नाही.

नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे या हिशेबाशी जुळतात. मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांत ई-२० मुळे इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी, तर तशा दुचाकींत तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा तो अंदाज होता. दहा टक्क्यांसाठी घडवलेल्या आणि ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट एक ते दोन टक्केच राहील, असेही त्यात नमूद होते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशातही एक ते दोन टक्के आणि इतर गाड्यांसाठी तीन ते सहा टक्के, असे दोन वेगळे आकडे आहेत. जाहीर चर्चेत एक पक्ष पहिला आकडा उचलतो, दुसरा पक्ष दुसरा. दोन्ही बरोबर आहेत. पण ते वेगवेगळ्या गाड्यांचे आहेत.

खिशाच्या भाषेत सांगायचे, तर लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी कार महिन्याला हजार किलोमीटर चालत असेल आणि तिची इंधनक्षमता सहा टक्क्यांनी घटली असेल, तर महिन्याला साधारण सव्वाचार लिटर पेट्रोल जास्त लागेल. वर्षाला सुमारे ५० लिटर. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर महिन्याला ६०० किलोमीटर चालत असेल, तर चार टक्के घटीने महिन्याला अर्धा लिटर जादा. हा खर्च क्षुल्लक म्हणता येणार नाही, पण गाडी परवडेनाशी होण्याइतका मोठाही नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. एखाद्या गाडीचे मायलेज वीस-पंचवीस टक्क्यांनी उतरले असेल, तर एवढी घट इंधनातील ऊर्जेच्या फरकातून निघत नाही. तिथे टायरमधील हवा, तुंबलेला एअर फिल्टर, खराब इंजेक्टर, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर, घासून चालणारे ब्रेक किंवा वाढलेली वाहतूक यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता जास्त. सगळे खापर इथेनॉलवर फोडले, की खरा बिघाड तसाच राहतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

इथेनॉलची जमेची बाजू आहे त्याचा ऑक्टेन अंक. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि मग स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधी आपोआप पेटला, तर इंजिनातून टक-टक असा धातूवर आपटल्यासारखा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते फार काळ चालले तर पिस्टनला इजा होते. असे आपोआप पेटणे टाळण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात.

हा अंक वाढवण्यासाठी गेल्या शतकात जगाने फार मोठी किंमत मोजली. अमेरिकेत १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी शिशाचे एक संयुग नॉकिंगवर उपाय म्हणून शोधले. ते स्वस्त होते आणि परिणामकारकही. पण धुरावाटे बाहेर पडणारे शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर दुष्परिणाम करते, हे पुढे स्पष्ट झाले. भारतात देशभर शिसेविरहित पेट्रोल यायला २००० साल उजाडले. शिशानंतर ऑक्टेन वाढवण्यासाठी वापरता येणाऱ्या घटकांपैकी बेंझीन रक्ताच्या कर्करोगाशी निगडित असल्याने त्यावरही मर्यादा आली. या पार्श्वभूमीवर सुमारे १०८ ऑक्टेन अंक असलेले इथेनॉल तुलनेने निरुपद्रवी ठरते. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९१ होता. ई-२० मुळे तो ९५ वर गेल्याचे मंत्रालयाने म्हटले आहे.

मात्र वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. इंजिनात मिश्रण जास्त दाबले गेले किंवा ठिणगी थोडी आधी पाडली, तरच त्यातून अधिक काम काढता येते. ई-२० साठी जुळवलेली इंजिने हे करतात आणि ऊर्जेतील घटीचा बराच भाग भरून काढतात. एक ते दोन टक्क्यांचा आकडा येतो तो यामुळे. जुन्या इंजिनाचा दाब ठरलेला असतो. त्याला ९१ पुरत असेल, तर ९५ दिल्याने ताकद वाढत नाही. महागडे ‘प्रीमियम’ पेट्रोल भरण्यालाही हेच लागू होते. गाडीच्या पुस्तिकेत तसे सांगितले नसेल, तर जास्तीच्या ऑक्टेनसाठी दिलेले पैसे बहुतांशी वाया जातात. आणि ‘प्रीमियम’ म्हणजे इथेनॉलविरहित, असा समजही बरोबर नाही.

कार्बोरेटर आणि इंजेक्शन

पेट्रोल पूर्ण जळायला ठरावीक हवा लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ किलो, तर एक किलो इथेनॉलला सुमारे नऊ किलो. कारण त्याच्याकडे स्वतःचा ऑक्सिजन असतो. ई-२० साठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेत थोडे अधिक इंधन सोडावे लागते.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्यांत हे आपोआप होते. धुराच्या मार्गातील ऑक्सिजन सेन्सर मिश्रणात हवा जास्त आहे की इंधन, ते सतत तपासतो आणि गाडीतील संगणक त्यानुसार इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. गेल्या वीसेक वर्षांतील बहुतेक कार आणि २०२० नंतरच्या बहुतेक दुचाकी या गटात मोडतात.

कार्बोरेटरला असे ज्ञान नसते. त्याच्या जेटचे छिद्र जेवढे, तेवढेच इंधन जाणार. अशा गाडीत ई-२० भरले, की मिश्रण आठेक टक्क्यांनी पातळ होते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘लीन’ चालते. इंजिन अधिक तापते, एक्सलरेटर एकदम पिळला तर गाडी अडखळते आणि थंडीत सुरू व्हायला त्रास देते. सुरू होण्याच्या त्रासाला दुसरेही कारण आहे. इथेनॉलचे बाष्प व्हायला पेट्रोलच्या अडीच ते तीन पट उष्णता लागते, त्यामुळे गार इंजिनात ते नीट उडत नाही. ब्राझीलमध्ये केवळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांत सुरुवातीची धग देण्यासाठी पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी ठेवावी लागत असे, ती यासाठीच.

बऱ्याच जुन्या कार्बोरेटर गाड्या मुळातच थोड्या ‘रिच’ म्हणजे जास्त इंधनावर जुळवलेल्या होत्या. त्यामुळे त्यांपैकी अनेक गाड्या फारशी तक्रार न करता चालतात. ज्या अडखळतात त्यांची ट्यूनिंग जाणत्या मेकॅनिककडून करून घेता येते. मात्र त्याने फक्त आयडलिंगचा स्क्रू फिरवला, तर गाडी उभी असताना सुधारल्यासारखी वाटेल आणि रस्त्यावर तशीच राहील. धावत्या गाडीला इंधन देणारा मुख्य जेट बदलण्याची गरज आहे का, हे तपासायला हवे.

रबर, प्लास्टिक आणि धातू

दीर्घकालीन नुकसानीची भीती खरी ठरू शकते ती इथे. पुण्याची ‘एआरएआय’ ही वाहन संशोधन संस्था, इंडियन ऑइलचा संशोधन विभाग आणि वाहन उत्पादकांची संघटना यांनी मिळून केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष नीती आयोगाच्या अहवालात दिले आहेत. धातू आणि धातूंवरील मुलामे यांत ई-२० मुळे अडचण आढळली नाही. रबरी भाग मात्र शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत कमी टिकाऊ ठरले आणि ‘पीए-६६’ या प्लास्टिकची ताणशक्ती घटली.

हे होते कसे? पेट्रोलला टिकणारे जुने नायट्राइल रबर इथेनॉल शोषून फुगते. इंधन निघून गेले, की ते आकसते आणि कडक होते. वर्षानुवर्षे असे होत राहिले, की पाइपला भेगा जातात, ओ-रिंग आणि गॅस्केट बसेनाशी होतात आणि पेट्रोल पाझरू लागते. नव्या गाड्यांत त्याऐवजी फ्लोरिन असलेले रबर वापरतात. ते इथेनॉलला टिकते. म्हणूनच मंत्रालयाच्या खुलाशातही काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे मान्य केले आहे. हे भाग फार महाग नसतात, हे खरे. पण गरम इंजिनाजवळ पेट्रोल पाझरणे म्हणजे आगीला निमंत्रण. त्यामुळे इथे प्रश्न सुट्या भागाच्या किमतीचा नाही. तो वेळेवर बदलला की नाही, याचा आहे.

धातूंना प्रयोगशाळेत अडचण आली नाही, तरी जुन्या गाडीच्या टाकीतील परिस्थिती वेगळी असते. इथेनॉल उत्तम द्रावक आहे. टाकीत आणि पाइपमध्ये वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर आणि त्याखालचा गंज ते सोडवते आणि तो कचरा फिल्टरमध्ये किंवा जेटमध्ये जाऊन अडकतो. शिवाय पेट्रोलमधून वीज वाहत नाही, इथेनॉलमधून थोडीफार वाहते. पाण्याचा अंश मिसळला, तर दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यावर गंज धरण्याची शक्यता वाढते. जुन्या कार्बोरेटरच्या वाटीत दिसणारी पांढरी पूड ही त्याचीच खूण असते.

खरा शत्रू पाणी

शुद्ध पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पाणी जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते. इथेनॉल मात्र दोघांशी सलगी करते. त्यामुळे इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडेसे पाणी स्वतःत सामावून घेते आणि तेवढे पाणी इंजिनात सहज निघूनही जाते. दहा टक्के मिश्रणाचे एक लिटर पेट्रोल साधारण पाच मिलिलिटर, म्हणजे एक चमचाभर पाणी रिचवते. ई-२० ची क्षमता त्याहून जास्त असते. हवा थंड झाली की ती घटते.

अडचण येते ती ही मर्यादा ओलांडल्यावर. मग इथेनॉल पेट्रोलला सोडते आणि पाण्याबरोबर तळाशी जाते. वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल आणि खाली इथेनॉल-पाण्याचा थर, असे दोन भाग पडतात. इंधन पंप टाकीच्या तळातून ओढतो, म्हणजे आधी जातो तो खालचाच थर. त्यावर गाडी चालत नाही. ती झटके देते आणि बंद पडते.

इथेनॉल हवेतील बाष्प ओढून टाकी पाण्याने भरते, असा एक समज आहे. इथेनॉल बाष्प शोषते हे खरे; पण बंद टाकीत बाहेरची हवा फार कमी जाते, त्यामुळे रोज चालणाऱ्या गाडीत असे साचलेले पाणी नगण्य असते. पाणी येते ते बहुतेकदा बाहेरून : खराब झालेल्या झाकणातून, पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या दुचाकीच्या टाकीत किंवा पंपाच्या जमिनीखालील टाकीत. कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात या शेवटच्या शक्यतेकडे लक्ष द्यायलाच हवे. पंपांवर रोज एका दांडीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकीचा तळ तपासतात. शुद्ध पेट्रोलखालचे पाणी त्यात लगेच कळे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी वेगळ्या प्रकारची पेस्ट वापरावी लागते. टाकीत पाणी जाण्याचे संकट फक्त इथेनॉलमुळे येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील रतलाम येथे मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यासाठीच्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर बंद पडल्या होत्या, आणि तिथेही कारण पाणीच निघाले.

पंपावरचे हक्क

इंजिनाचे नुकसान करणारी आणखी एक जुनी गोष्ट इथेनॉलच्या गदारोळात मागे पडली आहे. ती म्हणजे भेसळ. रॉकेल किंवा स्वस्त द्रावके मिसळलेल्या पेट्रोलने ऑक्टेन घटतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते, इंजिन नॉक करते. ही भेसळ नव्या गाडीलाही सोडत नाही.

ग्राहकाला पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा हक्क आहे. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब काही मिनिटांत उडून जायला हवा. फिकट रंगछटा राहिली तर चालते, गडद तेलकट डाग राहता कामा नये. या चाचणीने रॉकेलसारखे जड भेसळद्रव्य पकडता येते. चटकन उडणारी द्रावके किंवा इथेनॉलचे प्रमाण तिने कळत नाही. त्यासाठी घनतेची चाचणी अधिक उपयोगी. टँकर रिकामा होताना नोंदवलेली घनता पंपावर लिहिलेली असते आणि प्रत्यक्ष मोजलेल्या घनतेत, १५ अंश सेल्सिअस तापमानाला आणून, घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक असू नये. पेट्रोल कमी भरल्याचा संशय आला, तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागता येते. गाडी पेट्रोल भरल्यावर लगेच बंद पडली, तर पावती जपून ठेवावी आणि टाकीतील इंधनाचा नमुना काढून घेतल्याशिवाय टाकी धुऊ देऊ नये. पुरावा तोच असतो.

धुराचा हिशेब

आरोग्याच्या बाजूने पाहता ई-२० चा ताळेबंद बराचसा जमेचा आहे. नीती आयोगाच्या अहवालानुसार ई-२० मुळे कार्बन मोनॉक्साइड दुचाकींत ५० टक्क्यांपर्यंत आणि चारचाकींत ३० टक्क्यांपर्यंत घटला, तर हायड्रोकार्बन २० टक्क्यांनी कमी झाले. रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कार्बन मोनॉक्साइडमुळे घटते, हे पाहता चौकात दिवसभर उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसासाठी किंवा फेरीवाल्यासाठी ही घट मोलाची आहे. नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्रास देणारे ॲसिटाल्डिहाइड मात्र इथेनॉलमुळे वाढते. म्हणजे इथेनॉल धूर काही अंगांनी सुधारते, पण निर्दोष करत नाही. शहरातल्या हवेसाठी बीएस-६ मुळे पेट्रोलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले, याचे महत्त्वही तितकेच आहे. कारण गंधक धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते.

जुनी गाडी असेल तर

पहिले काम म्हणजे गाडीची पुस्तिका किंवा इंधन झाकणाजवळचे स्टिकर पाहणे. तिथे ई-५, ई-१० की ई-२० लिहिले आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून. ई-२० लिहिले असेल, तर नेहमीच्या सर्व्हिसिंगपलीकडे काही करण्याची गरज नाही.

गाडी त्याआधीची असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला इंधनाचे पाइप, ओ-रिंग आणि गॅस्केट तपासून घ्यावेत आणि बदलताना इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचेच घ्यावेत. इंधन फिल्टर एकदा लवकर बदलावा. टाकीच्या झाकणाचे रबर घट्ट आहे ना, हे पावसाळ्याआधी पाहावे. गाडी सुरू करताना पेट्रोलचा वास येत असेल, तर तो दुर्लक्ष करण्याचा विषय नाही. गाडी तशीच चालवू नये.

महिनाभराहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे. साठून राहिलेले पेट्रोल हवेशी संयोग पावून चिकट होते आणि जेट बुजवते. कार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला आणि दमटपणाला जागा उरत नाही. बाजारात मिळणाऱ्या ‘इथेनॉलचा परिणाम घालवणाऱ्या’ द्रव्यांवर भिस्त ठेवू नये. कोणतेही द्रव्य टाकीतील इथेनॉल नाहीसे करत नाही आणि गेलेली ऊर्जा परत आणत नाही. विम्याबाबत मंत्रालयाने स्पष्ट केले आहे, की ई-२० वापरल्याने विमा अवैध ठरत नाही.

भुर्दंड कोणी भरायचा?

तांत्रिक प्रश्नांची उत्तरे अशी बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. उरतो तो न्यायाचा प्रश्न. मिश्र इंधनातील कमी ऊर्जेची भरपाई म्हणून त्याची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी, असे नीती आयोगाच्या अहवालात म्हटले होते. जुन्या वाहनांसाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध राहावे, हा विचारही त्यात होता. प्रत्यक्षात पंपावरचा दर उतरला नाही. अहवाल आला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता ते महाग पडते, हे मंत्रालयाचे उत्तर आहे. जुलै २०२५ अखेर इथेनॉलचा सरासरी खरेदीखर्च वाहतूक आणि करासह लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होता. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

इतर देशांनी हा पेच वेगळ्या रीतीने हाताळला. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये साधे पेट्रोल पाच टक्क्यांवरून दहा टक्के मिश्रणावर नेले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल, महाग का होईना, ‘सुपर’ श्रेणीत उपलब्ध ठेवले. अमेरिकेत पंधरा टक्के मिश्रण २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठीच मान्य आहे आणि ते दहा टक्क्यांच्या बरोबरीने विकले जाते. ब्राझील आज तीस टक्क्यांवर पोहोचला आहे. पण तिथे हा प्रवास १९७५ मध्ये सुरू झाला आणि कोणत्याही प्रमाणात इथेनॉल चालणाऱ्या ‘फ्लेक्स फ्युएल’ गाड्या २००३ पासून रस्त्यावर आहेत. तिथे गाड्यांना इंधनाशी जुळवून घ्यायला दशके मिळाली.

भारतात दहावरून वीस टक्क्यांचे अंतर तीन वर्षांत कापले गेले. त्याचा लाभ परकीय चलनाच्या बचतीच्या रूपाने देशाला, कारखान्यांच्या मागणीतून शेतकऱ्याला आणि थोड्या स्वच्छ धुराच्या रूपाने शहराला मिळतो. खर्च मात्र नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या, दहा-बारा वर्षांची स्कूटर चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला अधिक येतो. वीस टक्क्यांच्या पुढे जाण्याची चर्चा आता सुरू आहेच. ती निर्णयापर्यंत जाण्याआधी पंपावरच्या नळीवर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहिलेले असणे, जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाची एक नळी राखणे आणि लागणारे रबरी भाग प्रत्येक तालुक्याच्या गावी रास्त दरात मिळणे, एवढ्या तीन गोष्टी झाल्या, तरी या माणसाची निम्मी तक्रार मिटेल.